मागची उजवी उशी

मेहुणा मानेला पट्टा बांधून दारात उभा राहिला, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. तसं मेहुण्याचं येणं मापसाहेबांच्या घरात नवलाचं नव्हतं. जेवायच्या वेळेला येतो आणि चहा घेऊन जातो, असं त्याचं वेळापत्रकच होतं. पण त्या दिवशी तो दारात येऊन समोरच्या भिंतीशी बोलू लागला. "ताई, आहेस का?" ताई त्याच्या उजव्या हाताला उभी होती. तिच्याकडे बघायला त्याला खांद्यापासून टाचेपर्यंत सगळा देह वळवावा लागला, दोघांनी मिळून कपाट फिरवावं तसा.

सिग्नलला गाडी थांबवून उभा असताना त्याला मागून कुणीतरी धडकलं होतं. "इतकं हळू, दाजी, की बंपरला ओरखडासुद्धा नाही. पण मान अशी मागं गेली आणि अशी पुढं आली," असं म्हणून त्यानं ते करून दाखवायला सुरुवात केली आणि कळवळून सोडून दिलं. सीटच्या वरची उशी कुठं होती, असं डॉक्टरांनी विचारलं म्हणे. ती होती खांद्याशी. मेहुणा अंगानं ताडमाड आणि उशी शोरूममधून आली तशीच खाली दाबलेली. डोकं मागं फेकलं गेलं तेव्हा त्याला अडवायला पाठीमागं काहीच नव्हतं.

हे ऐकून दुसऱ्या एखाद्या दाजींनी "अरेरे" म्हटलं असतं. मापसाहेब खिशातली टेप काढून उभे राहिले.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. वाण्याचा तराजू, पंपावरचं मीटर, कापडवाल्याची पट्टी, सगळं तपासून त्यावर शिक्का मारायचा हा त्यांचा धंदा आणि धर्म. सोसायटीत त्यांना सगळे मापसाहेबच म्हणतात. हे नाव कुणी थट्टेनं ठेवलं असेल, अशी शंका त्यांना आजवर आलेली नाही. घरात चपला एका रेषेत आणि चहाची साखर सपाट चमच्यानं. अशा माणसासमोर 'उशी किती उंच असावी' हा प्रश्न येणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

"पहिली गोष्ट, तिला उशी म्हणू नका," ते म्हणाले. "ती डोकं टेकून झोपायला नसते. मागून धक्का बसला की डोकं मागं जातं, त्याला ती अडवते. तिला शिरोरोधक म्हणायचं."

"मी उशीच म्हणणार," बायको म्हणाली. "आणि जे काय करायचंय ते रविवारच्या आत आटपा. आईंना पोचवायचंय."

रविवारी आईला दादांकडे न्यायचं होतं. दादा म्हणजे मापसाहेबांचे थोरले भाऊ, राहतात दुसऱ्या गावात. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून आई गप्प असायची. इथं तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे धरलेले. बाबा गेल्यापासून ती खाली म्हणून उतरली नव्हती. दादांकडे लिफ्ट होती आणि स्वतंत्र खोली. दोघा भावांनी फोनवर ठरवलं, दोघी सुनांनी पक्कं केलं. आईला विचारलं तेव्हा ती "बघा तुम्ही" एवढंच म्हणाली. आईच्या "बघा तुम्ही"चा अर्थ बाबांना कळत असे. बाकीच्यांनी तो होकार धरला.

मापसाहेबांना मात्र आत कुठंतरी सलत होतं. आईनं जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. पण तसं म्हणायचं म्हणजे दादांसमोर आणि बायकोसमोर हळवं व्हायचं, आणि हळवेपणा किती दाखवावा याचं माप खात्यानं दिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी आईच्या मानेची काळजी करायला घेतली.

गाडी मुळात बाबांची. शेवटची काही वर्षं त्यांनी चालवणं सोडलं होतं, पण हुकूम सोडला नव्हता. मागच्या सीटवर उजवीकडे, मापसाहेबांच्या बरोब्बर पाठीशी बसून ते तिथून गाडी हाकत. "गिअर बदल." "सायकलवाल्याला आधी जाऊ दे." "भोंगा वाजवायला लाज वाटते का?" निघायची वेळ झाली की बाबा आधी आपली उशी टक टक टक करत शेवटच्या खाचेपर्यंत वर ओढत, कारण तेही मेहुण्यासारखे उंच. मग पुढं हात करून ते मापसाहेबांच्या उशीच्या लोखंडी दांडीवर बोटातली अंगठी दोनदा वाजवत. टिंग टिंग. म्हणजे, चल. ती वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि वाजल्यावर थांबायचं नाही, हा घरचा कायदा होता. अंगठी शेवटी बोटातून निघाली नाही. बाबांबरोबरच गेली.

असो. संध्याकाळी मापसाहेब टेप, पट्टी आणि पातळी बघायची नळी घेऊन इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उतरले. हे पार्किंग म्हणजे तळघरच. भर दुपारीही तिथं उजेड येतो तो जिन्यापुरता. बाकी एक ट्यूबलाइट, तीही लागू की नको अशा विचारात पडलेली. पाण्याचा पंप कोपऱ्यात हुं हुं करत असतो आणि कुठूनतरी थेंब पडत असतो. कुठून, ते प्लंबरलाही सापडलेलं नाही.

आता उंची कुणाची धरायची? मापसाहेबांचं उत्तर तयार होतं. किलो हा सगळ्यांना एकच असतो. म्हाताऱ्याला वेगळा आणि उंचाला वेगळा किलो दिला तर राज्य चालेल का? त्यांनी एक सरासरी माणूस मनाशी धरला (तो बांध्यानं बराचसा मापसाहेबांसारखाच निघाला) आणि त्याच्या टाळूच्या पातळीला चारही उशा आणून ठेवल्या. पुढच्या दोन, मागच्या दोन. नळीतला बुडबुडा मधोमध आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसनं ऑफिसातून आल्यावर ते सहज डोकावले. पुढच्या दोन उशा जागेवर होत्या. मागची डावी तळाला गेली होती आणि मागची उजवी शेवटच्या खाचेपर्यंत वर.

"तू हात लावलास?" त्यांनी घरी येऊन बायकोला विचारलं.

"मला दुसरा उद्योग नाही का?"

"आई, तू काही..."

"मी?" आई खिडकीतून वळलीसुद्धा नाही. "मला जिना उतरवतो का रे?"

मापसाहेब वरमले. त्यांनी खाली जाऊन उशा पुन्हा पातळीत आणल्या, दारं लावली, ओढून बघितली. दुसऱ्या दिवशी तेच. डावी तळाला, उजवी शेंड्याला.

सोसायटीत गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. पहिले आले कंपाउंडरकाका. जन्मभर दवाखान्यात बाटल्यांना पट्ट्या चिकटवल्यामुळं सगळ्या रोगांवर त्यांचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. "मानेचं मूळ पोटात असतं," ते म्हणाले. "तुम्ही आधी पोट साफ ठेवा." गाडीचं की माझं, असं मापसाहेबांना विचारायचं होतं, पण काका वयानं मोठे. नंतर शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर आले. त्यांनी चष्मा पुसून निदान केलं, की उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, म्हणून उजवी उशी वर येते.

"मग डावी खाली का जाते?"

"ती आकुंचन पावते."

"पण त्याच गाडीत, मास्तर? त्याच दुपारी?"

"निसर्गात समतोल असतो," मास्तर म्हणाले आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर लेखी कळवलं, की पार्किंगच्या जागेत सभासदाच्या वाहनाचा कोणताही भाग सभासदाच्या परवानगीशिवाय हलत असल्यास त्यास सोसायटी जबाबदार नाही. मापसाहेबांना एवढं हिणवल्यासारखं आजवर वाटलं नव्हतं. गावभर मापं सरळ करत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीत चार उशा एका रेषेत राहत नाहीत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यातच ती बाजाराची फेरी झाली. तिन्हीसांजेला मापसाहेब आणि बायको काही आणायला गाडीनं निघाले. घाईत मागं बघायचं राहिलं. रस्त्याला लागल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. मागं उजवीकडे कुणीतरी बसलं होतं. खांदे रुंद, डोकं उंच, चेहरा नाही. मागच्या गाडीचा दिवा पडला की डोक्याच्या कडा उजळत आणि पुन्हा काळोखात जात.

"मागं बघ," ते कसंबसं म्हणाले.

बायकोनं बघितलं. "काय बघू? उशी आहे तुमची. वर केलीय तुम्हीच."

"मी नाही केली."

बायकोनं तोंड पुढं वळवलं. परत येईपर्यंत तिनं पदर घट्ट धरून ठेवला होता आणि मापसाहेबांनी आरसा छताकडे वळवून टाकला होता. वाटेत कुठंही त्यांनी नेहमीपेक्षा जोरात गाडी चालवली नाही, हे मात्र नोंदवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "तक्रार काय?"

"उशी... म्हणजे शिरोरोधक आपोआप वर जातो."

"असा पर्याय येत नाही सर. आवाज येतो का?"

"आवाज? माझ्या कानावर नाही आला."

"मग एसीमध्ये टाकते."

एसी तपासून झाला, गॅस भरून झाला. मेकॅनिकनं उजवी उशी धरून गदागदा हलवली. "बटण दाबल्याशिवाय ही हलायची नाही साहेब. दात पक्के आहेत. लटकून बघा." मापसाहेब खरोखरच लटकले. उशी केसभरही हलली नाही.

मग मापसाहेबांतला निरीक्षक जागा झाला. दुकानदार तराजूत हातचलाखी करू नये म्हणून खात्याचे लोक तार ओवून शिशाचं सील लावतात. तार तोडल्याशिवाय आत हात घालता येत नाही आणि तोडली की चोरी कळते. कपाटात एक जुनी, बाद झालेली मुद्रा होती. मापसाहेबांनी मागच्या दोन्ही उशा पातळीत आणून दांड्यांना तार गुंडाळली, टोकं शिशात दाबली आणि मुद्रा मारली. कंपाउंडरकाका आणि मास्तर पंच म्हणून हजर होते. "आता कोण हलवतं बघू," असं मापसाहेब जरा मोठ्यानं म्हणाले. ते कुणाला उद्देशून होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पंप हुं हुं करतच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचांसमोर दार उघडलं. डाव्या उशीचं सील तुटलेलं होतं. तार अगदी छान, काठाला धरून कापलेली; तुकडे सीटवर इकडे तिकडे न टाकता नीट गोळा करून दाराच्या कप्प्यात ठेवलेले. उशी तळाला.

उजवीचं सील होतं तसं होतं. तार अखंड, शिसं अखंड, त्यावर मुद्रा स्वच्छ. आणि उशी शेवटच्या खाचेवर.

"मला जरा घरी काम आहे," मास्तर म्हणाले. निसर्गाचा समतोल ते तिथंच ठेवून गेले. कंपाउंडरकाका थांबले, पण त्यांनी मापसाहेबांचा दंड धरला होता तो जिना चढेपर्यंत सोडला नाही.

आता राहिला कॅमेरा. पार्किंगमध्ये सोसायटीचा एक कॅमेरा होता, पण त्यातलं बघायला अर्ज, अर्जावर सेक्रेटरींची सही, आणि सेक्रेटरींच्या सहीवर खजिनदारांची हरकत. शुक्रवारी एकदाचं ते चित्र दिसलं. कॅमेऱ्याचं तोंड पंपाकडे होतं, कारण तो पंपाच्या भांडणात बसवलेला. मापसाहेबांच्या गाडीची मागची काच तेवढी कोपऱ्यात आली होती आणि तिचा डावा भाग खांबाआड गेला होता. शिवाय डिस्क भरू नये म्हणून समितीनं ठराव केला होता, की कॅमेऱ्यानं सलग चित्र न घेता मधूनमधून एकेक फोटो घ्यावा. सेक्रेटरी एकेक फोटो पुढं सरकवू लागले. उजवी उशी खाली. उजवी उशी खाली. खाली. पुढचा फोटो, उजवी उशी वर. गाडीजवळ कुणी नाही. पंपाशी कुणी नाही. सेक्रेटरींनी फोटो मागं घेतला, पुन्हा पुढं घेतला. खाली. वर.

"मधलं कुठाय?" मापसाहेबांनी विचारलं.

"मधलं ठरावात बसत नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी घाईनं फोटो बंद केले. ती सोसायटी जबाबदार नसल्याची चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी परत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, मापसाहेबांनी रजा टाकली. जेवणं झाल्यावर बायको आडवी झाली, आई आपल्या खोलीत गेली, आणि ते चप्पल न घालता खाली उतरून खांबामागं जाऊन उभे राहिले. का उभा आहेस, असं कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, चोर पकडायला. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती, आणि उद्या आईला ज्या गाडीतून न्यायचं तिच्यात काय आहे हे कळल्याशिवाय तिला मागं बसवायची त्यांची छाती होत नव्हती.

बराच वेळ काही झालं नाही. थेंब पडत होता. मग जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग थांबणं. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबणं. मापसाहेबांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कठड्याला धरून आई शेवटची पायरी उतरत होती. खांद्यावर शाल, एका हातात गाडीची दुसरी किल्ली आणि नखं कापायची कात्री.

तिनं सरावाच्या हातानं डावीकडचं दार उघडलं, आत बसली, वळून उशीचं बटण दाबलं आणि उशी खाली घेतली. मग डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

मापसाहेब खांबामागून बाहेर आले. ते जाऊन पुढच्या सीटवर, चालकाच्या जागेवर बसले.

"आई, तुझे गुडघे!"

"दुखतात की," आई डोळे न उघडता म्हणाली. "उतरताना कमी, चढताना जास्त."

"रोज येतेस?"

"तू ऑफिसात असतोस, सूनबाई झोपलेली असते. वर बसून करू काय? इथं बरं वाटतं. गाडीत आम्ही दोघं किती फिरलो." जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुझं ते माप जाळ मेल्या. एवढी उंच उशी करून ठेवतोस. ये, इथं येऊन बघ. माझं डोकं कुठं येतं?"

मापसाहेबांनी वळून उशी आपल्या पातळीला वर करून बघितली. आई इवलीशी. उशी तिच्या टाळूच्या वर राहिली आणि तिच्या डोक्यामागं आल्या त्या नुसत्या दोन दांड्या आणि मधली पोकळी. मागून धक्का बसला असता तर आईचं डोकं त्या पोकळीत गेलं असतं. ज्या मानेसाठी एवढं रामायण केलं, ती मान त्यांनी स्वतः, पातळीची नळी लावून, मोडायची सोय केली होती. त्यांनी उशी गुपचूप खाली घेतली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून खात्यात कुणी ऐकलेलं नाही.

"सील तूच कापलंस?" त्यांनी विचारलं.

"मग? बोचत होतं ते."

"आणि उजवीकडचं? ते न कापता उशी वर कशी केलीस?"

आईनं आता डोळे उघडले. "ती मी कशाला हलवू? माझा हात पोचतो का तिथवर?"

"मग कोण हलवतं?"

"तुझे बाबा कुठं ठेवायचे?"

"शेवटच्या खाचेवर."

"मग मला काय विचारतोस?" असं म्हणून आईनं शाल सारखी केली आणि पुन्हा डोळे मिटले, जणू भाजी कुठून आणली इतकाच तो प्रश्न होता. ट्यूबलाइट लागली, विझली, लागली. मापसाहेब समोर बघत बसले. आरसा छताकडे होता तो त्यांनी सरळ केला नाही.

आता आई रोज जिना उतरते म्हटल्यावर तिला दादांकडे पाठवायचं कारण उरलं नव्हतं. पण दादांनी खोलीला रंग दिला होता, वहिनींनी पडदे लावले होते, सगळं ठरलेलं. मापसाहेबांनी रात्रभर फोन करायचा विचार केला आणि सकाळी गाडी काढली. एक काम मात्र त्यांनी केलं. प्रत्येकाला सीटवर बसवून, डोक्याला हात लावून, ज्याचं त्याचं माप घेतलं. बायकोची उशी तिच्या टाळूशी, आईची तळाला. किलो एकच असतो हे खरं, पण डोकी निरनिराळी असतात.

मेहुण्याचा डॉक्टर दादांच्याच गावचा, म्हणून पट्ट्यासकट मेहुणाही आला आणि मागं उजवीकडे बसायला लागला.

"तिथं नको!" मापसाहेब ओरडले.

"का दाजी?"

काय सांगणार? "बस," ते म्हणाले. मेहुण्याच्या उशीला हात लावायची वेळच आली नाही. ती शेवटच्या खाचेवर होती आणि ताडमाड मेहुण्याच्या टाळूशी बरोब्बर जुळली. "वा, माझ्यासाठी आधीच करून ठेवलीत!" मेहुणा समोरच्या काचेला म्हणाला. त्याच्या मांडीवर आईची ट्रंक होती आणि दोन्ही हात ट्रंकेवर.

गावाबाहेर पडायच्या चौकात सिग्नल लागला. पुढं मोकळा रस्ता, मागून काहीतरी मोठं येत असल्याची घरघर. आणि मापसाहेबांच्या मानेमागं, अगदी कानाशी, दांडीवर धातू वाजला.

टिंग टिंग.

मापसाहेब गोठले. सिग्नल लाल होता. ते पुढं वाकले, आरसा खाली ओढला आणि मागं पाहिलं. मेहुण्याचे दोन्ही हात ट्रंकेवर होते. आई खिडकीतून बाहेर बघत होती, आणि हसत होती.

तेवढ्यात टेम्पो मागून आदळला.

आवाज झाला, काच फुटली, मग एकदम शांत. "सगळे ठीक आहात का?" बायको किंचाळली. तिचं डोकं उशीला टेकलं होतं आणि ती धडधाकट होती. आई शाल झटकत होती. मेहुणा, ज्याची मान आधीच मोडकळीला आलेली, तो चकित होऊन समोरच्या काचेला सांगत होता, "दाजी, काही झालं नाही! मागं गेलो तो गच्च उशीवर! काही नाही झालं!"

एकट्या मापसाहेबांची मान गेली. सगळ्यांची मापं घेणारे मापसाहेब ऐन वेळी उशी सोडून स्टिअरिंगवर वाकले होते, आणि त्यांच्या डोक्यामागं होती ती मोकळी हवा.

"बघत काय बसलास पुढं वाकून?" आई म्हणाली. "चल म्हटलं की चालायचं. लहानपणापासून सांगतोय माणूस."

टेम्पोवाला रस्त्यावर हात जोडून उभा होता. गर्दी जमली, पोलीस आला. त्या गडबडीत मापसाहेब मान धरून आईच्या खिडकीशी गेले. आई बाहेर न बघता म्हणाली, "मला तिथं नाही जायचं रे. लिफ्ट आहे, खोली आहे, सगळं आहे. पण हे तिथं कसे येतील? त्यांना गाडीच ठाऊक."

बाबांना कळायचं ते वर्षभरानं मापसाहेबांना कळलं. त्यांना रडू आलं आणि मान इतकी दुखत होती की रडताही येईना. त्यांनी तिथूनच दादांना फोन लावला. "आई येणार नाही," ते म्हणाले. दादा रंगाबद्दल बोलले, पडद्यांबद्दल बोलले. "आई आमच्याकडेच राहील," मापसाहेबांनी पुन्हा सांगितलं, आणि बायकोकडे बघायला त्यांना सगळा देह वळवावा लागला. बायकोनं नुसती मान हलवली. तिची हलत होती.

मेहुण्याचा जुना पट्टा मापसाहेबांना फार मोठा झाला. कंपाउंडरकाकांनी त्यांच्या मापाचा आणून बांधला आणि पोट साफ ठेवायची आठवण केली. सोसायटीत आता मापसाहेब कपाटासारखे वळतात आणि मुलं त्यांच्या मागून लपून जातात.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दुपारी ते आईचा हात धरून तिला खाली घेऊन गेले. आई मागं डावीकडे बसली, ते आपल्या जागेवर. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. दुरुस्तीवाल्यांनी सगळ्या उशा तळाला दाबून ठेवलेल्या त्यांनी येताना पाहिल्या होत्या. पुढच्या दोन आणि आईची त्यांनी बघून घेतली. मागच्या उजवीला मुद्दाम हात लावला नाही. थोड्या वेळानं आईचा श्वास एका लयीत लागला. ती झोपली होती.

मग मागं उजवीकडे आवाज झाला. टक. जरा थांबून, टक. टक. शेवटच्या खाचेपर्यंत.

मापसाहेबांना मागं वळून बघता येत नव्हतं. गळ्याला पट्टा होता, हे त्यांच्या मोठेपणाला बरंच झालं. त्यांनी फक्त डोकं मागं नेऊन उशीला नीट टेकवलं, मध्ये हवा राहणार नाही असं, आणि वाट बघितली.

टिंग टिंग.

"हो बाबा," ते म्हणाले, आणि या वेळी एक क्षणही न दवडता त्यांनी गाडी सुरू केली.